थोरल्याची करपलेली साखर

३ मार्च

आजी,

फोन तुझ्या कानाला चालत नाही आणि तुला तो चालवून घ्यायचाही नाही, म्हणून हा कागद. काकू, वाचून दाखवताना जरा मोठ्याने वाच, नाहीतर ती म्हणेल की पोरीने अर्धंच लिहिलंय.

मी बरी आहे. चष्म्याच्या दुकानात आता मला काचा घासायच्या मशीनवर बसवलंय. दिवसभर लोकांच्या नजरेचे नंबर आणि काचेची पूड. संध्याकाळी आरशात पाहिलं की केस पांढरे दिसतात आणि थेट तूच समोर उभी आहेस असं वाटतं.

काम असं आहे की मला तुझं उलटं पुडिंग करायचंय. शिळ्या पावाचं. डब्यात साखर वितळवून वर दुधात भिजवलेला पाव ओतायचीस, वाफवायचीस आणि मग ताटलीत पालथं घालायचीस, ते. दुकानात सगळे घरून काहीतरी गोड करून आणणार आहेत. मला नीट कृती हवी, मापासकट. ‘अंदाजाने’ हा शब्द नको. माझा अंदाज तुला माहीत आहे.

घरी सगळं ठीक.

तुझी भिंगरी


९ मार्च

भिंगरे,

डोक्यावरून हात फिरवला असं समज. बोलणारी मी, लिहिणारी तुझी काकू. हिच्या अक्षराचं सगळे कौतुक करतात. माझ्या बोलण्याचं कोणी करत नाही, पण मी बोललेच नाही तर ही बाई लिहिणार काय?

आता खरं सांग, कोण आहे तो? दुकानातले सगळे गोड आणणार आहेत हे ऐकलं मी. मी लिहायला शिकले नाही, म्हणून काय मला कळायचंही थांबलं? आजवर तू चहात साखर घालायला विसरायचीस, आणि एकदम पुडिंग, तेही मापासकट. चष्मा लावतो का तो? लावत असला तर बरं, पुडिंग नीट पालथं पडलं नाही तरी त्याने चष्मा काढला की झालं. तुझ्या आजोबांना मी काही खाऊ घालून मिळवलं नव्हतं, ते आयतेच आले. पण तुमचे दिवस वेगळे.

घे कृती. पाव कालचा हवा, ताजा गिळगिळीत होतो. आठ तुकडे, कडा काढून. कडा टाकू नकोस, दुधात बुडवून तू खा. दूध मोठी दोन भांडी, साखर एक वाटी, त्यातली अर्धी दुधात आणि अर्धी डब्यात. दोन अंडी, लोणी बोटावर येईल एवढं. कोणाचं बोट विचारू नकोस, माझं.

डब्यातली साखर कोरडीच, मंद आचेवर. हलवायची नाही, डबा गोल फिरवायचा. मधासारखा सोनेरी रंग आला की लगेच उतरवायची. मग त्यावर लोणी, त्यावर दूध-अंड्यात भिजवलेला पाव, झाकण लावून डबा उकळत्या पाण्याच्या पातेल्यात. दोन पँटी आणि एक शर्ट इस्त्री होईपर्यंत ठेवायचा. आपलं इस्त्रीचं दुकान होतं तेव्हा मी सगळा स्वयंपाक कपड्यांवर मोजायचे. भात म्हणजे तीन रुमाल आणि एक उशीचा अभ्रा.

(घड्याळ लावून पाहिलं, पस्तीस मिनिटं. त्यासाठी आईंनी माझ्याकडून खरोखर दोन पँटी आणि एक शर्ट करून घेतला. यांचे कपडे निदान एका दिवसाचे झाले. — काकू)

तुझ्या बापाविषयी तू नेहमीची एक ओळ लिहिलीस, घरी सगळं ठीक. नऊ वर्षं तो या घराची पायरी चढला नाही आणि नऊ वर्षं तुझी ही ओळ चुकली नाही. त्याला म्हणावं... जाऊ दे, काही म्हणू नकोस.

त्या चष्मेवाल्याचं नाव कळव.

आजी


१८ मार्च

आजी,

चष्मेवाला कोणी नाही. मी खोटं बोलले. पुडिंग बाबांसाठी केलं.

गेल्या महिन्यात त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. तुला कळवायचं नाही असं त्यांनी मला बजावलं होतं. आई असती तर तिने ऐकलं नसतं, पण मी ऐकलं. ऑपरेशन चांगलं झालंय, घाबरू नकोस. डॉक्टर म्हणतात की आतलं सगळं जुळून येतंय, फक्त माणूस खात नाही. पेज देते ती तशीच गार होते. सूप देते, तर चमच्याने ढवळत बसतात. सतरा किलो वजन उतरलंय. पट्ट्याला चाकूने नवीन भोकं पाडलीत. काल डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांत तोंडाने खायला लागले नाहीत तर परत दवाखान्यात घेऊन नळी घालावी लागेल. त्यांना जे आवडतं ते द्या, काहीही द्या.

मी विचारलं, बाबा, काय करू? ते म्हणाले, काही नको. खूप मागे लागले तेव्हा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, लहानपणी आई एक उलटं पुडिंग करायची. एवढंच. तुझ्याकडून मागवते असं मी म्हटलं नाही, नाहीतर तेही नको म्हणाले असते.

काकूने लिहिलं तसं शब्दाला शब्द केलं. आजी, काय सुंदर झालं होतं. पालथं घातलं तर अख्खं उतरलं, वरून सोनेरी पाक ओघळत होता. बाबांनी एक चमचा तोंडात घातला. मग चमचा ताटलीत ठेवला आणि म्हणाले, “हे आईचं नाही.”

माझं कुठे चुकलं ते सांग. पुन्हा करून बघते.

भिंगरी


२३ मार्च

भिंगरे,

पत्र दोनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा हिचाच आवाज बसला, म्हणून सोडून दिलं.

तू रागावून घेण्यासारखं केलं आहेस, पण तुझ्यावर रागवायला आत्ता जोर नाही. तो नाही म्हणाला आणि तू ऐकलंस. तू त्याचीच पोर, दोघांची गप्प बसायची शर्यत लावली तर संध्याकाळपर्यंत निकाल लागायचा नाही.

तुझं काही चुकलं नाही. मी सांगितलं तसं लिहिलंय का म्हणून काकूला विचारलं, ती म्हणते लिहिलंय. तू लिहिलं तसं केलंस. म्हणजे ते माझंच पुडिंग. त्याला त्याची चव ओळखू आली नाही असं व्हायचं नाही. लहानपणी तो दारातून वास घेऊन सांगायचा, आज दूध कुठल्या गवळ्याचं आहे.

म्हणजे ओळखून नाही म्हणाला. त्याला पुडिंग नको नाही, मी नको आहे.

नऊ वर्षांपूर्वी तो मला न्यायला आला होता, ते तुला आठवत असेल. तू टेम्पोत पुढे बसली होतीस, मांडीवर माझ्यासाठी उशी. तुझे आजोबा जाऊन दोन महिने झाले होते. त्याने घरात माझ्यासाठी खोली रंगवली होती, न्हाणीघरात धरायला दांडी लावली होती. मी हो म्हटलं होतं. आणि तो दारात आल्यावर म्हटलं, मला यायचं नाही. का, ते सांगितलं नाही. तो रिकामा टेम्पो घेऊन परत गेला. माणसाने काय समजायचं? धाकट्याकडे बरं वाटतं, थोरल्याकडे नको, हेच.

कारण होतं. पण काही गोष्टी दुसऱ्याच्या हाताने लिहवून घेता येत नाहीत. मला लिहिता आलं असतं तर लिहिलं असतं, असंही नाही.

तू त्याला पेजच दे. थोडं मीठ जास्त घाल.

आजी


२३ मार्च, संध्याकाळ

भिंगरी,

हे पत्र मी माझं लिहिते आहे. आईंना माहीत नाही. सोबतच्या पाकिटातलं त्यांचं पत्र आधी वाच.

ते लिहून झाल्यावर आई तशाच बसून राहिल्या. दोन्ही हात मांडीवर उलटे. त्या अशा बसल्या की मला भीती वाटते, त्या सदा काहीतरी निवडत तरी असतात किंवा मला बोलत तरी. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “भाऊजींना लहानपणी फार आवडायचं का हो हे पुडिंग?”

“आवडायचं? काळ्या डब्यासाठी भांडायचा.”

“काळा डबा कुठला?”

“त्याचा वेगळा डबा असायचा. साखर काळी केलेला. धूर निघेपर्यंत जाळायची, मग वरून चमचाभर पाणी. तुला सांगितलं होतं की त्या दिवशी. लिहिलंस ना?”

“लिहिलं,” मी म्हटलं.

मी लिहिलं नव्हतं.

त्या मला म्हणाल्या होत्या, साखर चांगली करपव, वास खिडकीबाहेर गेला पाहिजे. मला वाटलं, वय झालं, चुकून बोलल्या. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांनी पुडिंग केलं ते सोनेरी पाकाचंच. करपलेली साखर कडू लागते हे कोणीही सांगेल. चार लोकांत तुझी फजिती नको म्हणून मी आपलं ‘मधासारखा सोनेरी रंग’ असं लिहिलं. त्यांना वाचता येत नाही आणि मी ते सुधारून दिलं.

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. भाऊजी सहा वर्षांचे होते. कोणाच्या तरी लग्नाचे शर्ट इस्त्रीला आले होते, आई इस्त्रीत गुंतल्या आणि मागे चुलीवर साखर काळी झाली. घरात दुसरी साखर नव्हती. त्यांनी तशीच पुढे वापरली आणि मुद्दाम केल्यासारखा चेहरा करून वाढलं. तुझ्या आजोबांनी ताटली सरकवली. भाऊजींनी आपलं खाल्लं, वडिलांचं खाल्लं आणि म्हणाले, “आई, हे मोठ्या माणसांचं गोड आहे.” तेव्हापासून ते घर सोडेपर्यंत त्यांचा डबा वेगळा.

तेव्हा पुडिंग आईंचं नव्हतंच. ते माझं होतं. भाऊजींनी अगदी बरोबर ओळखलं. अर्धी वाटी साखर घे, काळे बुडबुडे येऊ देत, धूर येऊ दे, मग थांब. पाणी घालताना मागे सरक, उडतं.

आता दुसरं. ते यापेक्षा जड आहे.

आई म्हणाल्या, त्याला मी नको आहे. आणि मी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं, स्वल्पविराम देऊन. पेन माझ्या हातात असताना त्या खरं कारण कधीच सांगणार नाहीत, कारण ते कारण मी आहे.

भाऊजी न्यायला आले त्याच्या आदल्या दिवशी माझं मूल गेलं. चौथा महिना होता. त्याआधी दोनदा असंच झालं होतं आणि या वेळी मी कोणाला कळूच दिलं नव्हतं, यांनासुद्धा नाही. हे कामासाठी बाहेरगावी होते. घरात मी आणि आई. मला दवाखान्यात त्यांनी नेलं, चादरी त्यांनी धुतल्या, वाळवल्या, इस्त्री करून कपाटात ठेवल्या. मी त्यांचा हात धरून म्हटलं, आई, हे कोणालाही सांगू नका. त्या म्हणाल्या, नाही सांगत.

सकाळी टेम्पो आला. मी आतल्या खोलीत पडून होते. मला सगळं ऐकू येत होतं. भाऊजींनी विचारलं, का? त्या म्हणाल्या, मला यायचं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. त्या पुन्हा तेच म्हणाल्या. मी उठून बाहेर यायला हवं होतं. तेव्हा उठवत नव्हतं हे खरं आहे. पण त्यानंतर नऊ वर्षं मला उठवत होतं.

त्यांनी एकदाही मला म्हटलं नाही की आता सांगू या का. तुला लिहिताना माझ्या भाजीला नावं ठेवतात, माझ्या झोपेला नावं ठेवतात, आणि ती नावं माझ्याकडूनच लिहवून घेतात. पण हे नाही.

मघाशी मी यांना सांगितलं. हे उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आले. आता भाऊजींना सांगते आहे. हे पत्र त्यांना दे. तुला वाचून दाखवावंसं वाटलं तर वाचून दाखव, पण त्यांनी स्वतः वाचलं तर मला जास्त बरं वाटेल.

काकू


२ एप्रिल

काकू,

आधी साखर. तू म्हणालीस तशी जाळली. इतका धूर झाला की शेजारच्या बाई दार वाजवून विचारायला आल्या. मी त्यांना समजावत होते तेवढ्यात मागून आवाज आला, “उतरवू नकोस. अजून व्हायचीय.”

बाबा. भिंत धरून स्वयंपाकघरापर्यंत आले होते. पाच आठवड्यांत स्वतःहून पहिल्यांदा. शेजारच्या बाईंकडे बघितलंही नाही. स्टुलावर बसले आणि डब्यात डोकावत राहिले, कामावर लिफ्ट दुरुस्त करताना मोटारीत डोकावतात तसे. मी म्हटलं, बाबा, ही गेली हो कामातून. ते म्हणाले, “आता. आता पाणी घाल.” आणि मला हाताने मागे केलं.

चार चमचे खाल्ले. मग ताटली बाजूला ठेवून म्हणाले, हे तुला कोणी सांगितलं? तेव्हा मी दोन्ही पत्रं त्यांच्या हातात दिली.

तुझं पत्र किती वेळ वाचत होते ते सांगता येणार नाही. पानं दोनच, पण उलटायला तयार नव्हते. मी मधे भांडी घासली, कपडे काढून आणले. मग त्यांनी मला हाक मारली. म्हणाले, “मी आयुष्यभर लिफ्टमध्ये अडकलेली माणसं काढली. दोन मजल्यांच्या मधे अडकली की ती निदान ओरडतात. या दोघी नऊ वर्षं अडकून होत्या आणि कोणी हाकसुद्धा मारली नाही.” थोड्या वेळाने म्हणाले, “मी तरी कुठे बटण दाबलं.”

रात्री उरलेलं पुडिंग खाल्लं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेज मागितली. पेजच होती, पण मागितली. डॉक्टरांनी नळीचं नाव काढलेलं नाही.

काकू, मला काय लिहावं सुचत नाही. त्या दिवशी टेम्पोत बसून मला तुझा राग आला होता, कारण तू अच्छा करायला बाहेर आली नाहीस. मी तेरा वर्षांची होते. आता नाही.

खाली बाबांनी लिहिलंय.

भिंगरी

हे तुझ्यासाठी, आईला यातलं काय वाचून दाखवायचं ते तू ठरव. तू सांगितलंस हे सोपं नव्हतं. आईला विचार, येते का. घर चौथ्या मजल्यावर आहे, पण लिफ्ट चालू आहे. मी आज खाली जाऊन तपासली.


२० एप्रिल

धाकटे,

पोचले. गाडीत तुझ्या नवऱ्याने मला तीन वेळा विचारलं, त्रास होतो का? तिसऱ्यांदा मी म्हटलं, तू विचारतोस त्याचा होतो. मला इथे सोडून तो त्याच दिवशी परत निघाला, एव्हाना तुला कळलंच असेल.

अक्षर बघून दचकली असशील. आज लिहिणारा थोरला आहे. याचं अक्षर म्हणजे मुंग्यांनी डबा शोधून काढलाय असं भिंगरी म्हणते. मला काय, मला सगळी अक्षरं सारखीच.

दार यानेच उघडलं. सदरा अंगावर असा लोंबत होता, जसा दुकानात खुंटीला लटकायचा. मी म्हटलं, हा कोणाचा शर्ट इस्त्रीला आलाय? तो हसला नाही. पाया पडायला वाकला आणि पोटात टाका ओढला म्हणून मधेच थांबला. ना खाली ना वर. मग मीच त्याचं डोकं धरून राहिले. तेवढ्यावरूनच समजलं मला, की तू सांगून मोकळी झालीस. हा लिहायला का कू करतोय, पण लिही रे, सगळं लिही.

मी तुला दिलेला शब्द पाळला होता. तो तूच मोडलास, म्हणजे तो तुझाच होता मोडायला. त्याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. तुझ्या जागी मला एवढा धीर झाला नसता, हे मात्र याच्याकडून मोठ्या अक्षरात लिहवून घेते.

आता भांडणाचं. याने भिंगरीजवळची माझी सगळी जुनी पत्रं काढली आणि रोज दुपारी मला दोन-दोन वाचून दाखवतो. धाकटे, माझ्या साखरेचा रंग बदललास हे एकदाच घडलं असं मी समजत होते. मी म्हटलं होतं, तुझा बाप दगड आहे, त्याला पाझर फुटायचा नाही. पत्रात काय निघालं? ‘बाबांना माझी आठवण सांग.’ मी म्हटलं होतं, तो आला नाही तर मी मेल्यावरही त्याला बोलावू नका. पत्रात, ‘वेळ मिळेल तेव्हा बाबांनी एकदा यावं.’ नऊ वर्षं मी इथे शिव्या पाठवत होते आणि इथे पोचत होतं हे. मी याला विचारलं, मग एवढ्या गोड बोलावण्यांना तू आला का नाहीस? तर म्हणतो, “आई, तू असं बोलतच नाहीस. मला वाटलं, दुसऱ्याच कोणाची आई आहे.”

घरी आल्यावर याचा हिशेब करू. तोवर एवढंच, त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मला बोलता आलं नव्हतं एवढंच.

हा रोज पुडिंग करायला सांगतो, पण डॉक्टरांनी आठवड्यातून एकदाच म्हणून बजावलंय. उरलेले दिवस पेज, उकडलेला बटाटा आणि माझं तोंड. वजन सव्वा किलो वाढलं. भिंगरी काट्याजवळ जाऊन वाकून बघते आणि मग मला बोटांनी दाखवते, जणू काही मला मोजताही येत नाही.

तुझं जेवण नीट होतंय ना? मी नाही म्हणून दोघांत एका भाजीवर भागवू नकोस. खिडकीतल्या कुंडीला पाणी घाल, जास्त घालू नकोस. आणि तुला रिकामं वाटत असेल तर कपाटं आवरत बसू नकोस, तूही ये इकडे. हे थोरला म्हणतोय. मी सांगितलेलं नाही, आपणहून लिहितोय, पेन माझ्याआधी पळतंय.

तुझ्या नवऱ्याला सांग, येत्या सोमवारी मला न्यायला ये.

हा थांबलाय. मी म्हटलं, लिहिलंस का? तर पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. खिडकीबाहेर बघतोय. पन्नाशीचा माणूस.

बरं, त्याच्या पुढच्या सोमवारी ये म्हणावं. आता बघ, कसं भराभर लिहितोय.

तुझी सासू